बावीस सेंटिमीटर पोट

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "सिस्टर, तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा. लोक फराळ करता करता वाचतील असं." मी विचारलं, माझी नोकरी काय होती ते ठाऊक आहे ना तुम्हाला? "हो तर, लहान मुलांच्या दवाखान्यात," ते म्हणाले. आवाजात इतका गोडवा होता की पुढचं सांगणं माझ्या जिवावर आलं. सव्वीस वर्षं मी वेळेआधी जन्मलेली बाळं सांभाळली, म्हणजे खरं सांगायचं तर त्यांची पोटं मोजली आणि दुपटी उघडून शी झाली का ते बघितलं. तेव्हा ज्यांची करंजी अर्धी खाऊन झाली असेल त्यांनी ती आधी संपवावी आणि मग पुढे वाचावं.

बोईसरला सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा बारा खाटांचा बालदवाखाना होता. डॉक्टर देवधर तिशीतले, मुंबईहून बालरोगाचं शिक्षण घेऊन नुकतेच आलेले, आणि मी पालघरहून रोज एसटीने येणारी हेड सिस्टर. हेड म्हणजे काय, तर हाताखाली दोघीजणी होत्या आणि तिघींत मोठा आवाज माझा होता. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रोज नवी शेड उभी राहत होती, पण कमी दिवसांच्या बाळाला ऊब देणारी काचेची पेटी म्हणाल तर आसपास आमच्याकडे एकच. तीही वसाहतीतल्या एका कारागिराने करून दिलेली. तो बिचारा एरवी रसायनं वाळवायच्या भट्ट्या करायचा, त्यामुळे आमच्या पेटीच्या बटणावर दोनशे अंशांपर्यंत आकडे होते. डॉक्टरांनी चाळिसाच्या पुढे चिकटपट्टी लावून टाकली होती. सकाळी कामावर आल्यावर मी भिंतीवरच्या गणपतीच्या आधी त्या चिकटपट्टीला हात लावून बघायचे, की आहे ना जागेवर.

त्या पेटीत एके दिवशी मुरबे गावची एक मुलगी दाखल झाली. वजन सव्वा किलो. कापसात आणि कापसावरून आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलेली. आई हिरा एकोणीस वर्षांची, बाप दामोदर मच्छीमार, आणि ती आजी म्हणजे हिराची सासू जानकीबाय. जानकीबायने तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकलेली. ती दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून बोलली तरी खालच्या सायकलवाल्याला उत्तर द्यावंसं वाटायचं.

पहिलं भांडण महिन्यावरून झालं. बाळ किती दिवसांचं आहे ते डॉक्टरांना हवं होतं, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. हिराला पाळीची तारीख आठवेना आणि सगळ्यांसमोर सांगायची लाजही वाटत होती. शेवटी दामोदर पुढे आला. "डाक्तर, ज्या खेपेला आमाला घोळ मिळाले, त्या खेपेनंतर मी चार दिवस घरी व्हतो. त्येच्या आधी दीड महिना दर्यावर." मोठे घोळ मासे लागल्याची तारीख गावात कुणीच विसरत नाही. डॉक्टरांनी कॅलेंडर काढलं, घोळीपासून मोजत आले आणि म्हणाले, "म्हणजे आठवा महिना लागलाय."

"आठवा नाय," जानकीबाय म्हणाली. "सातवा लिवा."

आपल्याकडे समजूत अशी की सातव्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं, की आजी, उलट आहे, पोटात जितकं जास्त राहिलं तितकं बरं. मी सातवा लिहिला तर पोर आणखी कच्ची ठरेल. "कच्ची म्हना, काय पन म्हना, पन सातवाच लिवा." शेवटी केसपेपरावर सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी स्वतःच्या समाधानासाठी त्यापुढे एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं.

आता थोडं आतड्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं आतडं दिसायला पूर्ण असतं, पण त्याला काम येत नसतं. बांधकामावर मजूर ओळीने उभे राहून घमेली पुढे देतात ना, तसं आतडं दूध पुढे देतं. पूर्ण दिवसांच्या बाळात ती ओळ शिकलेली असते. कच्च्या बाळात प्रत्येक गडी आपल्या मनाला येईल तेव्हा हात पुढे करतो. दूध जागच्या जागी साचतं, नासतं, वायू धरतो. त्यातून आतलं अस्तर इतकं पातळ की जंतू सहज आरपार जातात. मग पोट ताणतं, चकाकायला लागतं, शीतून रक्त जातं आणि आतड्याचा एखादा तुकडा काळा पडतो. या आजाराचं नाव लांबलचक आहे. आम्ही नुसतं 'पोट गेलं' म्हणायचो, आणि ते म्हणताना माझासुद्धा आवाज खाली यायचा.

म्हणून आईचं दूध नळीने, दर दोन तासांनी एक मिलिलिटर. दूध घालण्याआधी सिरिंजने ओढून बघायचं, की आधीचं पोटात पडून तर नाही. आणि दिवसातून चार वेळा बेंबीवरून टेप धरून पोटाचा घेर मोजायचा. घेर वाढायला लागला की दूध बंद.

एक मिलिलिटर म्हणजे किती, हे नातेवाइकांना पटवणं महाकर्मकठीण. त्याच दिवसांत सालवडला राहणारा रामसुमेर नावाचा फिटर त्याच्या मुलाला जुलाब झाले म्हणून आमच्याकडे होता. त्याने सिरिंज बघितली आणि म्हणाला, "सिस्टरजी, इतना तो बोतल में चिपका रह जाता है।" जानकीबायला हिंदी फारसं कळत नसे, पण हे तिला पूर्ण कळलं आणि तिने मान डोलावली. इकडे हिराला दूध भरपूर. दोन तासांत अर्धी वाटी निघायचं आणि लागायचं एक मिली. आमचा फ्रिज लशींनी भरलेला आणि त्याची किल्ली डॉक्टरांच्या कमरेला. मग दामोदरने मासळीचा कोरा खोका आणला आणि रोज बर्फ टाकून त्यात हिराच्या दुधाच्या उकळलेल्या बाटल्या ठेवायला लागला. एका खोलीत दोन पेट्या झाल्या, एकीत पोर गरम आणि दुसरीत दूध गार. झाडणारी मावशी पहिल्या दिवशी भलत्याच पेटीचं झाकण उघडून किंचाळली होती.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी एक वाक्य बोलून ठेवलं, ते आम्हाला फार महागात पडलं. "एकदा शी झाली, की आतडं चालू झालं म्हणा." दामोदरने ते मनावर घेतलं. पोरीला शी होईपर्यंत आपण दर्यावर जाणार नाही असं त्याने जाहीर केलं. तो होडीचा तांडेल, म्हणजे होडी त्याच्या शब्दावर चालायची. तो नाही म्हणजे होडी नाही. होडीवरचे बाकीचे सहा जण दुसऱ्या दिवशीपासून सायकलच्या दुकानासमोर येऊन बसले. दर तासाला एकजण वर यायचा, दारात चप्पल काढायचा आणि अगदी अदबीने विचारायचा, "सिस्टर, झाली काय?"

"नाही झाली."

"बरं बरं. धंदा बंद हाय, म्हनून इचारला."

चौथ्या दिवशी सकाळी पोरीने काळी डांबरासारखी पहिली शी केली. मी खिडकीतून खाली बघून नुसती मान हलवली तर सहा माणसं टाळ्या वाजवायला लागली. सायकलवाल्याने कारण विचारलं, तेव्हा त्यानेही वाजवल्या. दुपारच्या भरतीला होडी बाहेर पडली आणि मला वाटलं, सुटलो.

सहावा दिवस सटवीचा. त्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. जानकीबायने डॉक्टरांना विचारून संध्याकाळी पेटीशेजारी केसपेपर आणि बॉलपेन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केसपेपरावरचं डॉक्टरांचं अक्षर मला दाखवलं. "बग, लिवून गेली. मानसाला वाचता यायचा नाय असा लिवलाय." मी मनापासून हसले. हसत हसतच पोट मोजायला पेटी उघडली आणि बघते तर पोरीच्या कमरेला काळा करगोटा. नवाकोरा, नायलॉनचा, जाळं विणायच्या धाग्याचा, न सरकणारी जाळ्याची गाठ मारलेला.

माझं डोकं फिरलं. नुकतंच एक बाळ जंतूंमुळे गमावलं होतं आम्ही, आणि मी डोळ्यांत तेल घालून हात धुऊन घेत होते सगळ्यांकडून. आणि ही बाई समुद्रातला धागा माझ्या पेटीत घालते. मी ओरडले. पुष्कळ ओरडले. कात्री हातात घेतली. "ही काचेची पेटी आहे, आजी, मासळीची टोपली नाही! पुन्हा हात लावाल तर दवाखान्याच्या बाहेर काढीन!" असं सगळ्या वॉर्डासमोर बोलले. जानकीबाय पदराने हात पुसत नुसती उभी राहिली. मला ते बरंच वाटलं, आता इतक्या वर्षांनी लपवून काय करू.

ओरडणं ऐकून डॉक्टर आले. त्यांचा स्वभाव मऊ. "राहू द्या, सिस्टर. सैल आहे की, एक बोट जातंय. काढा, उकळा आणि परत घाला." मी गाठ न सोडता करगोटा पायांवरून खाली ओढून काढला, उकळला, परत चढवला. पण माझा राग काही एका करगोट्याने उकळून संपणारा नव्हता. त्याच तिरमिरीत मी फर्मान काढलं, की या पोरीला लागणारी प्रत्येक वस्तू दर वेळी वीस मिनिटं उकळायची. वाटी, चमचा, नळी, दुपटी, मोजायची टेप, सगळं. टेप म्हणजे शिंप्याकडे असते तीच, पिवळी, बाजारातून आणलेली. दोन दिवसांत तिच्यावरचा पिवळा मेणाचा थर निघून ती पांढरीशुभ्र झाली. आकडे मात्र जागच्या जागी होते. मी ती डॉक्टरांना कौतुकाने दाखवली. "बघा, किती मळ होता."

आणि पोट वाढायला लागलं.

करगोट्याच्या दिवशी घेर होता बावीस. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेबावीस, संध्याकाळी त्याच्याही थोडा पुढे. तिसऱ्या दिवशी सकाळी तेवीस. डॉक्टर पोट चाचपून बघायचे, पोट मऊ. शीमध्ये रक्त नाही. सिरिंजने ओढलं तर एकदा किंचित हिरवट पाणी आलं, बस्स. "हाताला तर काही लागत नाही," ते म्हणाले, "पण हात फसवतो, सिस्टर. आकडा फसवत नाही." आणि दूध बंद झालं. शिरेतून ग्लुकोजचं पाणी सुरू झालं, अँटिबायोटिक सुरू झालं. तेव्हाची पद्धतच तशी होती. शंका आली की आतड्याला पूर्ण विश्रांती.

पोरगी पहिला दिवस रडली. सव्वा किलोच्या बाळाचं रडणं ते काय, काचेतून नुसतं तोंड उघडलेलं दिसायचं. दुसऱ्या दिवशी तिने रडणं सोडून दिलं आणि मुठी चोखायला लागली. हिरा दर दोन तासांनी दूध काढून खोक्यात ठेवत होती. खोक्यात जागा उरली नाही तेव्हा ती मोरीत ओतायला लागली. तिच्याकडे बघायचं मी टाळत होते. पोट रिकामं म्हणून शीही बंद, आणि शी बंद म्हणून होडीही परत बंद. सहा माणसं पुन्हा दुकानासमोर. या वेळी कुणी वर येऊन विचारत नव्हतं.

त्याच टेपने मी चिंचणीच्या एका बाळाचं डोकंही मोजलं होतं. तेही दोन दिवसांत सेंटिमीटरभर वाढलं. डॉक्टर हादरले. त्या बापाला त्यांनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. एका आठवड्यात एका दवाखान्यात एकाचं पोट आणि एकाचं डोकं वाढतंय, यात आम्हा दोघांपैकी कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी घेर भरला साडेतेवीस. डॉक्टरांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. सर्जन म्हणाले, ताबडतोब आणा, पोट उघडून बघावं लागेल. सव्वा किलोचं पोर, त्यातही उपासाने पन्नास-साठ ग्रॅम कमी झालेलं, त्याचं पोट उघडायचं. जगली तर नशीब, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. हिराला सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं. तिने फक्त विचारलं, "दूध बरोबर घेऊ काय?"

गाडी मिळेना. शेवटी दामोदरने मासळीचा टेम्पो आणला. मुंबईच्या वाटेवर त्याच्याइतकं जोरात कुणी जात नाही, कारण मागे बर्फ वितळत असतो. टेम्पोत पापलेटची खोकी होतीच, तीही मुंबईलाच जायची होती. ठरलं असं, की पुढे ड्रायव्हरशेजारी मी बाळ घेऊन बसायचं, मांडीवर गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, पाठीमागे बर्फ. डॉक्टर मागून मोटारसायकलवर. हे सगळं तेव्हा आम्हाला अत्यंत व्यवस्थित वाटत होतं. दुपारचे बारा वाजले होते, टेम्पो खाली सुरूच होता, आणि मी पोरीला कापसात गुंडाळून उचललं.

दारात जानकीबाय आडवी उभी राहिली.

"आजी, बाजूला व्हा."

"पोट फाडायला नेता ना? आधी माजा ऐका." तिचा आवाज चक्क कापत होता. तिने माझ्या हातातली गुंडाळी उघडली आणि करगोट्याखाली बोट घातलं. "डाक्तर, तुमी बगा. बांदला तवा एक बोट जायचा. तुमीच बोल्लात. आता पन जातंय एक बोट. पोट वाडला म्हनता, तर करगोटा रुतायला नको काय?"

डॉक्टर म्हणाले, "सैल पडला असेल."

"जाळ्याचा नायलॉन हाय तो. सैल पडला तर मासळी न्हेऊ काय आमी घरी?" मग तिने माझ्या खिशातून लोंबणारी टेप चिमटीत धरली आणि मासळीबाजारात नोट पारखतात तशी चोळून बघितली. "ही सुताची हाय. रोज उकळतेस?"

"दिवसातून चार वेळा," मी म्हणाले. अभिमानाने म्हणाले.

"माज्या सासऱ्याची जाळी सुताची व्हती. नवी जाळी पान्यात घातली की आटायची. जाळ्याचे डोळे बारीक व्हायचे. म्हनून तर आमी नायलॉन घेतला." तिने टेप माझ्या हातात दिली. "पोट नाय वाडला, बाय. तुजी टेप आटली हाय."

मी टेपेकडे बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मोजायला दवाखान्यात दुसरं काही नव्हतं, आणि एवढ्यात रामसुमेर मुलाला खांद्यावर टाकून व्हरांड्यातून पुढे आला. फिटर माणूस, शर्टाच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी कायम. त्याने मुलाला झाडणाऱ्या मावशीकडे दिलं, खिडकीच्या कट्ट्यावर पट्टी ठेवली, वर टेप ताणून धरली, एक डोळा मिटला आणि कारखान्यात देतात तसा निकाल दिला. "टेप का पंद्रह, पट्टी पे चौदह। सिस्टरजी, ये माल रिजेक्ट है।"

डॉक्टरांनी कागदावर हिशेब केला. साडेतेवीस म्हणजे बावीस. पहिल्या दिवशी होतं तेवढंच, तसूभरही जास्त नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं, पोरीचं पोट पुन्हा एकदा चाचपलं आणि मग अचानक ओरडले, "चिंचणीचं डोकं!" आमचा कंपाउंडर सायकलच्या दुकानातली मिळेल ती सायकल घेऊन चिंचणीला पळाला. तो बाप पिशवी भरून एसटीच्या रांगेत उभा होता असं नंतर कळलं. डोकं उत्तम होतं. टेम्पो मुंबईला गेला, पापलेटं एकटीच गेली.

मी बाळाला पेटीत ठेवलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "चूक माझी आहे." आयुष्यात हे वाक्य मी तोवर फार वेळा बोलले नव्हते. ते म्हणाले, "आकडा फसवत नाही, असं कोण म्हणालं होतं?" आणि सिरिंज मागितली. एक मिलिलिटर. हिराने खोक्यातल्या बाटल्यांकडे न जाता तिथेच ताजं दूध काढून दिलं.  नळीतून तो एक मिली उतरायला मिनिटभर लागलं असेल. मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते आणि मला भयंकर लाज वाटत होती. आपण उकळलेली एक टेप या पोरीला सर्जनच्या टेबलावर नेऊन ठेवणार होती.

पण दोन दिवसांचा उपास किंमत घेतल्याशिवाय जात नाही. आतडं काम करता करताच शिकतं. त्याला रिकामं ठेवलं की शिकलेलंही विसरतं आणि अस्तर आणखी पातळ होतं, हे पुढे पुस्तकांतून आलं. आम्हाला ते त्या पोरीनेच दाखवलं. पहिल्या दिवशी घातलेलं दूध दोन वेळा तसंच्या तसं परत ओढून निघालं. तेव्हा मात्र मी खरी घाबरले, कारण आता टेपेला दोष देता येत नव्हता. डॉक्टरांनी अर्धा मिली केला. मग परत एक. रामसुमेरने त्याची स्टीलची पट्टी दवाखान्याला भेट दिली होती, पण ती वाकत नसल्यामुळे पोट मोजायला कुचकामी. मग आम्ही नायलॉनचा धागा पोटाभोवती धरून तो पट्टीवर मोजायचो. धागा मुरब्याच्या माणसांनीच दिला, अख्खं रीळ.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दुपटं उघडलं. हळदीसारखी पिवळी, चमचाभर. मी खिडकीत गेले तर खाली सहा माणसं आधीच मान वर करून बसलेली. मी हात वर केला. या वेळी टाळ्यांत रस्त्यावरचे वसाहतीतले कामगारही होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं, सकाळची पाळी सुटली होती आणि लोक वाजवतायत म्हणून तेही वाजवत होते. मी पेटीमागे तोंड करून रडून घेतलं.

पोरगी दीड महिन्याने घरी गेली. वजन पावणेदोन किलो, आवाज आजीचा. निघताना हिराने माझ्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी दिली. हिरा आणि दामोदर पुढे उतरले. मी जानकीबायला जिन्यात थांबवलं. इतके दिवस मनात होतं ते म्हणायचंच होतं. "आजी, तुम्ही त्या दिवशी दारात उभ्या राहिल्या नसतात तर काय झालं असतं? माझी चूक होती. मला क्षमा करा."

"झाला ता झाला," ती म्हणाली. "तुमी तरी मुद्दाम केला काय? मला आधीच ठावं व्हता."

"टेपेचं?"

"टेपेचा नाय, पोटाचा. दूध बंद केलात ना, त्याच दिशी मी गुपचूप बोट घालून बगितला व्हता. दुसऱ्या दिशी पन बगितला. पोट व्हता तवढाच व्हता."

 "मग बोलला का नाहीत?"

तिने पदराने हात पुसले. "तू रागावतेस ना, बाय. म्हटला, परत हात लावला म्हनून भाईर काडशील, तर पोरीजवळ बसनार कोन? मग म्हटला, डाक्तर हाय, शिकलेली मानसं हाय, माजाच बोट चुकत असंल."

ही बाई, जिच्यासमोर बाजारातले व्यापारी मान खाली घालायचे, दोन दिवस मला घाबरून गप्प बसली होती. पोर काचेत मुठी चोखत होतं, आई मोरीत दूध ओतत होती आणि खरं काय ते जिला माहीत होतं ती माझ्यापासून चार हातांवर बाकावर बसून होती. मी टेप उकळली नसती तरी मी तशीच असते. तिने जिना उतरता उतरता माझ्या गालावरून हात फिरवला, आणि तो हात मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक नियम केला. राऊंडला डॉक्टर काही बोलायच्या आधी मी बाळाच्या आजीकडे जायचे आणि विचारायचे, तुम्हाला काय वाटतं? आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून उभी राहायचे. मला ते फार जड जायचं. पण त्यांनाही जड जात असावं, कारण पहिली कितीतरी वर्षं कुठलीही आजी बोलण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघून घ्यायची.